एकास बहात्तर

(मंडळात दिलेले व्याख्यान)



खेळण्यातील विमानावर व्याख्यान म्हटल्यावर पुढील रांगेत स्मित उमटले, ते रास्तच आहे. परंतु प्रमाणाचे महत्त्व भिलाईकरांस सांगावयास नको. येथील झोतभट्ट्याही प्रथम कागदावर लहान आकारातच उभ्या राहिल्या.

ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९५३ साली ‘स्पिटफायर’ या लढाऊ विमानाचा प्लॅस्टिकचा संच काढला. प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे पंखांचा सव्वाअकरा मीटरांचा विस्तार साडेपंधरा सेंटिमीटरांत आला. तुकडे कातरावेत, घासावेत, सांधावेत आणि शेवटी पाण्यात भिजवलेली चिन्हे चिकटवावीत.

‘फ्रॉग’ हे दुसरे ब्रिटिश नाव. १९७० नंतरच्या दशकात त्यांचे साचे सोव्हिएत संघात गेले. जर्मन व जपानी विमानांचे साचे मात्र तेथे स्वीकारले गेले नाहीत. ज्या देशाने त्या युद्धात दोन कोटींहून अधिक माणसे गमावली, त्याला शत्रूचे विमान खेळण्यातही नको होते. रशियन तंत्रज्ञांच्या शेजारात वाढलेल्या आपल्या गावाला यात नवल वाटू नये.

माझा मुद्दा चिन्हांचा आहे. संचातील चिन्हे बहुधा ब्रिटिश हवाई दलाची असतात, आणि आमची मुले ते विमान परक्यांचे म्हणून जोडतात. वस्तुतः १९४४ मध्ये भारतीय हवाई दलाच्या आठव्या स्क्वाड्रनला स्पिटफायर मिळाली आणि ती ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली. तेथे चिन्हातील तांबडा रंग वगळला होता, कारण जपानी विमानांवर तांबडा सूर्य असे. १९४७ साली श्रीनगर वाचविताना घुसखोरांवर मारा करणाऱ्यांत हीच विमाने होती. काश्मीरच्या त्या मोहिमेत मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर यांनी महावीर चक्र मिळविले. १९७६ ते १९७८ या काळात ते हवाई दलाचे प्रमुख होते. हे नाव घरात उच्चारले गेले नाही, तर महाराष्ट्रापासून इतक्या दूर वाढणाऱ्या मुलांना ते कोण सांगणार?

मेजावर दोन प्रतिकृती आहेत. पहिलीवर संचातील तांबडे-पांढरे-निळे चिन्ह आहे. दुसरीवर आपल्या एका बालसभासदाने गडद निळ्याच्या आत फिकट निळा भरून ब्रह्मदेशच्या आघाडीवरील चिन्ह हाताने रंगविले आहे. पाहावयास अवश्य यावे. रंग मात्र अद्याप ओला आहे.