पाल, पालु आणि हालु



सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू शेजारी शेजारी नांदतात. तिथं मराठी माणूस ‘पाल’ म्हणाला की नजर भिंतीकडे जाते. तेलुगू घरात ‘पालु’ म्हणतात ते दुधाला. तमिळमध्ये तर दूध म्हणजे नेमकं ‘पाल’च! त्याच दुधाला कन्नड शेजारीण ‘हालु’ म्हणते आणि आपल्याला आठवतात ते जिवाचे हाल. तमिळ बायका केसांत माळतात ते फूल ‘पू’. मराठीत तो शब्द गळवापलीकडे जात नाही.

हे होतं कसं? माणसाच्या तोंडून निघणारे ध्वनी मोजके, आणि जगात भाषा सात हजारांच्या आसपास. मग एक-दोन अक्षरी शब्द एकमेकांवर आदळणारच. मराठी आर्यकुळातली, या तिघी द्राविडी कुळातल्या. दोन ‘पाल’ सारख्या ऐकू येतात तो निव्वळ योगायोग. ‘हाल’ तर मुळात अरबी.

खरं नातं ओळखायचं ते नियमावरून. कन्नडमध्ये शब्दाच्या आरंभीचा जुना ‘प’ पुढे ‘ह’ झाला. म्हणून तमिळ ‘पाल’ तिथं ‘हालु’. वाघ म्हणजे ‘पुलि’, तो ‘हुलि’. दहा म्हणजे ‘पत्तु’, ते ‘हत्तु’. ‘पू’चं झालं ‘हूवु’. एखादा शब्द चुकून जुळेल. ओळीनं सगळे एकाच वाटेनं बदलले, तर मूळ एकच. मद्रासचे कलेक्टर एलिस यांनी १८१६ मध्ये या भाषांमधले धातू आणि शब्द शेजारी मांडले आणि त्या संस्कृतातून निघालेल्या नाहीत, हे दाखवून दिलं. १८५६ मध्ये कॉल्डवेल यांच्या तौलनिक व्याकरणानं या कुळाचं ‘द्राविडी’ हे नाव रूढ केलं.

खरी गंमत पुढेच आहे. भिंतीवरच्या पालीला तमिळमध्ये म्हणतात ‘पल्लि’. नियम लावा, कन्नडमध्ये ‘हल्लि’. संस्कृत कोशांतही ‘पल्ली’ सापडते. ती द्राविडीतून आली असावी, असं अभ्यासक मानतात. प्राकृतातलं जोडाक्षर मराठीत सुटं होतं आणि आधीचा स्वर लांबतो. ‘सत्त’चे ‘सात’ झाले, ‘हत्थ’चा ‘हात’ झाला, तशीच ‘पल्ली’ची ‘पाल’.

म्हणजे हुबेहूब आपल्यासारखा ऐकू येणारा तमिळ ‘पाल’ आपला कोणीच नव्हे. आणि मराठी कानाला ‘आजकाल’ वाटणारा कन्नड ‘हल्लि’ मात्र आपल्या पालीचा नातलग!

तेव्हा दोन भाषांतले शब्द सारखे वाटले, तर सोयरीक जुळवायची घाई करू नका. त्याच भाषांतले आणखी चार शब्द तोच नियम पाळतात का, ते आधी तपासा.