दोन शास्त्रांचा विद्यार्थी

कल्याणहून माळशेज घाट चढून आलेला रस्ता मढ गांवावरून ओतूर व आळेफाट्याकडे जातो. पावसाळ्यांत या वाटेनें गेलेल्या श्रोत्यांना जुन्नर तालुक्याची पश्चिमेकडील डोंगराळ बाजू परिचयाची असेल. याच तालुक्याच्या पूर्व भागांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें, आकाशांतून येणाऱ्या रेडिओ-लहरी टिपणारी एक प्रचंड दुर्बीण उभी आहे. ‘जीएमआरटी’ या नांवानें ती जगांत ओळखली जाते.

या दुर्बिणीच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. एवढी तबकडी अखंड पत्र्याची केली असती, तर वाऱ्याशीं टक्कर देण्यास अतिशय अवजड सांगाडा लागला असता व खर्च आवांक्याबाहेर गेला असता. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) व त्यांचे सहकारी यांनीं पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारांची जाळी योजिली. २० सेंटिमीटर व त्याहून लांब लहरींना जाळीचीं लहान छिद्रें बाधत नाहींत, हें पदार्थविज्ञान सांगतें. वारा जाळींतून निघून जातो व सांगाडा हलका होतो, हें स्थापत्यशास्त्र सांगतें. दोन्ही शास्त्रें जाणणाऱ्या मंडळींनाच अशी युक्ति सुचूं शकते.

अशी मंडळी एका दिवसांत तयार झाली नाहीं. या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, कल्याण येथें, १९६५ सालीं ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या ३२ लहान तबकड्या उभारण्यांत आल्या. पुढें १९७० सालीं उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. तेथें काम करतां करतां जे तयार झाले, त्यांच्या बळावर खोडदचें धाडस करतां आलें. या साऱ्यामागें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आधार होता. आणि ती संस्था १९४५ सालीं सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्यानें निघाली.

आज प्रश्न आहे तो पुढच्या पिढीचा. विज्ञान व औद्योगिक संशोधन परिषदेची शिष्यवृत्तीची परीक्षा पांच विज्ञानशाखांत होते. अभियंत्यांसाठीं ‘गेट’ ही परीक्षा निराळी. ज्याची जिज्ञासा दोन शाखांच्या मधोमध आहे, त्याला प्रथम एक कप्पा पत्करावा लागतो. पुण्यांत मात्र राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र अभियंत्यांनाहि संशोधनासाठीं घेतें, हें स्तुत्य आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननें गेल्या शतकाच्या अखेरीस याहून पुढचें पाऊल टाकलें. अनेक शाखांचें एकत्र शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांना त्याच कामासाठीं विद्यार्थ्यांचा खर्च देण्याची योजना त्यानें सुरू केली.

असा खर्च आपल्याकडे फार होईल काय? जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ शिष्यवृत्ति दरमहा ३७,००० व वरिष्ठ ४२,००० रुपये ठरली. पहिलीचीं दोन व दुसरीचीं तीन वर्षें धरलीं, तर घरभाडें वगळून एका विद्यार्थ्याचा खर्च २४ लक्ष रुपये होतो. अनेक राष्ट्रें मिळून उभारीत असलेल्या ‘एसकेए’ या महादुर्बिणींत भाग घेण्यासाठीं भारत सरकारनें डिसेंबर २०२३ मध्यें १,२५० कोटि रुपये मंजूर केले. त्या रकमेच्या शंभराव्या हिश्शांत सुमारें ५० विद्यार्थ्यांचीं पांच वर्षें भागतात.

यंत्रासाठीं दिलेला पैसा डोळ्यांना दिसतो. विद्यार्थ्यासाठीं दिलेल्या पैशाचें फळ दहा वर्षांनीं दिसतें. म्हणूनच घरांतील मुलगा वा मुलगी अभियांत्रिकी पुरी करून पदार्थविज्ञान शिकूं म्हणेल, तेव्हां वडीलधाऱ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांची चिंता खोटी नाहीं. संसार शिष्यवृत्तीवर चालत नसतो. परंतु ती चिंता दूर करणें हें सरकारचें, विद्यापीठांचें व धनिकांचें काम आहे. मढच्या शाळेंतील मुलांना तालुक्यांतील ती दुर्बीण नुसती पाहावयास मिळून भागणार नाहीं; तिच्यापुढची दुर्बीण बांधण्याची वाट त्यांच्यासाठीं मोकळी झाली पाहिजे.