शेवटच्या वर्षाच्या मुली

सॉफ्टबॉल म्हणजे काय, हे मी सांगत बसणार नाही. ज्या गावांत कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळी मुली ग्लोव्ह घालून उभ्या असतात, तिथल्या श्रोत्यांना ते ठाऊक आहे. बाकीच्यांनी शेजारच्या एखाद्या मुलीला विचारावं. मला विषय दिलाय ‘महामारी आणि खेळ’, आणि वेळ दिलाय दहा मिनिटं. म्हणून मी एकच गोष्ट सांगणार आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांचा मुलींचा सॉफ्टबॉल, साल 2020. आणि त्यातही शेवटच्या वर्षाला असलेल्या मुली. हे शेवटचे शब्द नीट ऐका, कारण ही हकिगत सांगणारे नेमके तेच गाळतात.

तिकडे हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. एक संघ 56 सामन्यांपर्यंत खेळू शकतो. मग मे महिन्यात 64 संघांची राष्ट्रीय स्पर्धा लागते आणि त्यातले आठ ओक्लाहोमा सिटीला पोचतात. 2020 च्या मार्चमध्ये यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, 26 सामने खेळून 25 जिंकलं होतं. आदल्या वर्षीचे विजेते तेच. आणि हे सगळं रेचल गार्सिया आणि बबा निकल्स या दोन मोठ्या खेळाडू नसताना. त्या दोघी टोकियो ऑलिंपिकच्या तयारीसाठी अमेरिकेच्या संघाबरोबर गेल्या होत्या, कारण 2008 नंतर पहिल्यांदाच सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये परतणार होता. वॉशिंग्टन विद्यापीठाचे 25 पैकी 23 विजय होते. म्हणजे हंगाम रंगात आला होता, पण निम्माही झाला नव्हता.

11 मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केली. त्याच दिवशी आयव्ही लीगनं, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे मंडळींनी, वसंत ऋतूतले सगळे खेळ बंद केले. दुसऱ्या दिवशी एनसीएए या कॉलेज-खेळांच्या मुख्य संस्थेनं उरलेल्या सगळ्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या. पुढे ढकलल्या नाहीत, रद्द केल्या. जूनमध्ये संपणारी स्पर्धा 12 मार्चला रद्द! निर्णय चुकला असं मी म्हणत नाही. पुढे जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे.

पंगत आठवा. लग्नाची, गावाकडची. पानं मांडली, मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर वाढून झाली, वरणभात झाला, आणि जिलबीचं ताट घेऊन वाढपी आत शिरणार तेवढ्यात कुणी येऊन सांगितलं, “उठा, सगळ्यांनी हात धुवा, मांडव रिकामा करायचाय.” कारण खरं असेल, आग लागली असेल. उठायलाच हवं. पण ज्याला उद्या परत जेवायला मिळणार आहे त्याचं उठणं वेगळं, आणि ज्याची गाडी रात्रीची आहे त्याचं वेगळं. पहिल्या वर्षाची मुलगी उठली, हात धुतला, घरी गेली. चौथ्या वर्षाच्या मुलीची गाडी रात्रीची होती.

आता यजमान काय म्हणाले ते ऐका. 30 मार्चला एनसीएएनं ठरवलं की वसंत ऋतूतल्या खेळाडूंना एक वर्ष जास्त खेळता येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या. पण बारीक अक्षरं वाचा. सॉफ्टबॉलच्या एका संघाला तेव्हा बारा शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि मुली विसेक किंवा त्याहून जास्त. म्हणजे मुळातच बारा पानांचं जेवण विसांत वाटलेलं. कुणाला अर्धं, कुणाला पाव. आता परत येणाऱ्या चौथ्या वर्षाच्या मुलींसाठी बारापेक्षा जास्त पानं मांडायची परवानगी मिळाली, पण तांदूळ ज्याचे त्यानं आणायचे. तिला पूर्वीइतकी मदत द्यायची, कमी द्यायची की अजिबात द्यायची नाही, हे ज्या त्या विद्यापीठानं आपली थैली बघून ठरवायचं. त्यात पुढच्या वर्षाच्या मुलींना अक्षता आधीच गेलेल्या. त्या आल्याच. आणि वाढीव वर्ष फक्त चौथ्या वर्षाला नव्हतं, सगळ्यांनाच होतं. म्हणून त्या साली पहिल्या वर्षाला असलेली मुलगी पुढे 2024 पर्यंत पानावर बसू शकत होती. पंगत एक, बसणारे जास्त.

आयव्ही लीगची गंमत आणखी वेगळी. तिथं खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते आणि पदवी झाली की खेळणं बंद, पदव्युत्तर विद्यार्थ्याला संघात जागा नाही. 2020 मध्ये त्यांनी हा नियम सोडला नाही. पुढे 2021 मध्येही त्यांची लीग झाली नाही. एकदाची सवलत दिली ती 2021 मध्ये, तेव्हाच्या शेवटच्या वर्षाला. 2020 च्या शेवटच्या वर्षाला तिचा काय उपयोग? परत सांगते, शेवटचं वर्ष, 2020.

तुम्ही म्हणाल, बाई, खेळ तर आहे, एवढं काय? सीनियर डे म्हणून एक प्रकार असतो, तो सांगते. हंगामातल्या घरच्या मैदानावरच्या अखेरच्या सामन्याआधी चौथ्या वर्षाच्या मुलींना एकेक करून मैदानात बोलावतात. आई एका बाजूला, वडील दुसऱ्या बाजूला, हातात फुलं, चौकटीत बसवलेली जर्सी. लाउडस्पीकरवर तिचं नाव, गाव, विषय, आणि आवडता प्रसंग कोणता तेही. वडील बहुधा टोपी नीट करत असतात, कारण डोळ्यांचं काय करावं ते त्यांना कळत नसतं. ज्या मुलीनं चार वर्षांत फार फार तर दुसरीच्या जागी धावायला म्हणून मैदान पाहिलं, तिचंही नाव तितक्याच मोठ्यानं घेतात. प्रत्येक संघात अशी एक असतेच. चौथ्या वर्षी तिला एकदाची राइट फील्डची जागा मिळते, तीही पहिलीचा खांदा दुखावला म्हणून. हे सगळं एप्रिल-मेमध्ये. 2020 च्या एप्रिलमध्ये वसतिगृहं रिकामी होती.

विजेतेपद गेलं म्हणून हळहळणारे खूप भेटतात. विजेतेपद एकालाच मिळतं हो. सीनियर डे सगळ्यांचा असतो.

यावर एक उदाहरण माझ्या तोंडावर फेकलं जातं, आणि ते खरंच सुंदर आहे. व्हर्जिनियाच्या हॅरिसनबर्गमधलं जेम्स मॅडिसन विद्यापीठ. त्यांच्या काही मुली वाढीव वर्षासाठी परत आल्या. त्यात होती पिचर ओडिसी अलेक्झांडर आणि होती केट गॉर्डन. 2021 मध्ये मानांकन नसलेला हा संघ ओक्लाहोमा सिटीला पोचला आणि पहिल्याच सामन्यात अव्वल मानांकित ओक्लाहोमाला 4-3 असं हरवलं, आठव्या डावात, गॉर्डनच्या होमरनवर. पुढचा सामना ओक्लाहोमा स्टेटशी. जेम्स मॅडिसन 2-1 नं पुढे. तिसऱ्या बेसवरची मुलगी होमकडे सुटली. चेंडू पिचरच्या पुढ्यात. अलेक्झांडरनं तो उचलला, पण फेकला नाही. फेकायला वेळच नव्हता. तिनं सरळ आडवी झेप घेतली आणि मातीत पालथी पडता पडता त्या धावणारीला टॅग केलं. जमलं तर ते चित्रण बघा. हात पूर्ण ताणलेला आहे आणि ग्लोव्हमधला चेंडू सुटलेला नाही. पुढे ओक्लाहोमानं दोन सामने जिंकून त्यांना बाहेर काढलं आणि स्पर्धाही जिंकली. अलेक्झांडर मैदानाबाहेर निघाली तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं. विरोधी संघाचं राज्य, बरं का.

तर लोक म्हणतात, बघा, एक वर्ष परत दिलं तर केवढं झालं! झालं, मान्य. पण ज्या परत आल्या त्यांचीच ही गोष्ट आहे. ज्या आल्या नाहीत त्यांना कुणी विचारलं? कुणाला नोकरीचं पत्र आलेलं, कुणाची नर्सिंगची शेवटची परीक्षा, कुणाच्या घरी त्या उन्हाळ्यात बापाचं काम गेलेलं. पाचव्या वर्षाची फी कुठून आणायची? त्यांच्या चित्रफिती नाहीत.

आणि पुढे जाऊन खेळावं म्हटलं तर कुठे? मुलांना बेसबॉलचा व्यावसायिक बाजार आहे. त्यांचंही नुकसान झालंच. त्या वर्षी मेजर लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, चाळीस फेऱ्यांवरून पाचवर आणला. पण पाच तरी फेऱ्या होत्या. मुलींची नॅशनल प्रो फास्टपिच ही लीग 2020 ला झालीच नाही आणि 2021 मध्ये बंद पडली. 2020 च्या ऑगस्टमध्ये शिकागोजवळ अॅथलीट्स अनलिमिटेड नावाची नवी स्पर्धा निघाली, पण ती चार संघांपुरती. ऑलिंपिक म्हणाल तर टोकियो एक वर्ष पुढे गेलं, 2021 मध्ये जपाननं अंतिम सामन्यात अमेरिकेला 2-0 हरवलं, आणि पॅरिसला सॉफ्टबॉल पुन्हा नव्हताच. आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये. 2020 मध्ये बावीस वर्षांची असलेली मुलगी तेव्हा तिशीची असेल. बहुतेक मुलींना कॉलेजचं शेवटचं वर्ष हेच खेळाचं शेवटचं वर्ष असतं. हे एवढं एक लक्षात ठेवा, बाकी आकडे विसरलात तरी चालेल.

आता थोडं आपल्याबद्दल, आणि थोडं रागावून. आपल्याकडे 2020 मध्ये शेवटच्या वर्षाच्या परीक्षांवरून केवढं रण माजलं आठवतं? राज्य सरकार म्हणे परीक्षा नकोत, विद्यापीठ अनुदान आयोग म्हणे हव्यातच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 28 ऑगस्टला निकाल लागला की परीक्षेशिवाय पदवी नाही. महिना दोन महिने घरोघरी दुसरा विषय नव्हता. छान. पण शेवटच्या वर्षाच्या खेळाडूचं काय, हा प्रश्न एका तरी पालकानं, एका तरी प्राचार्यांनी मोठ्यानं विचारला का? तिकडे निदान यजमानांनी बोलावणं तरी पाठवलं, अर्धंमुर्धं का होईना. आपल्याकडे पुढच्या वर्षात कॉलेजंच बहुतेक काळ बंद, तेव्हा मैदान कुठलं आणि संघ कुठला! जी मुलगी 2020-21 ला तिसऱ्या वर्षात होती, ती आंतरमहाविद्यालयीन सामन्याची वाट बघत पदवीधर झाली.

आणि इथं तर खेळाच्या प्रमाणपत्राला मोल आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, त्या प्रमाणपत्रावर मिळतात. एक वर्ष गेलं म्हणजे प्रमाणपत्राची एक संधी गेली. ती मुलगी पोलीस भरतीच्या रांगेत उभी राहिली तेव्हा तिच्या फाइलमध्ये काय होतं? अकरावीतलं एक जिल्हास्तराचं, लॅमिनेट केलेलं. अशा मुलींना वयाची सवलत द्यावी की गुणांची, यावर दोन मतं आहेत, आणि मला दुसरं पटतं, कारण वयाची सवलत दिली की पुन्हा ज्यांना थांबणं परवडतं त्यांचाच... ते राहू द्या, स्टुडिओच्या काचेपलीकडून बोट दाखवताहेत.

एवढंच सांगते. कॉलेजच्या जिमखान्यात लाकडी फलक असतो, वर्ष आणि त्यापुढे कर्णधाराचं नाव, पिवळ्या रंगात. बहुतेक ठिकाणी 2019-20 नंतर एकदम 2021-22 आहे. क्रीडाशिक्षक ऐकत असतील तर मधली ओळ घाला. संघ निवडला नव्हता ना, मग त्या वर्षी तिसऱ्या वर्षाला कोण होत्या त्यांची नावं घाला. हजेरीपटात सापडतील. पेंटर ओळीचे पैसे घेतो, ते जिमखाना निधीतून देता येतात. कुठल्या खात्यातून, आणि प्राचार्य नाही म्हणाले तर काय करायचं, तेही मी लिहून आणलं होतं, पण बातम्यांची वेळ झाली.