घड्याळाचा डोळा



हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ ‘लिगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंतून परतणारा लेसरचा प्रकाश तेथें एका प्रकाशसंवेदकावर पडावयाचा आहे, आणि त्याच्या तेजांतील सूक्ष्म फरकावरून गुरुत्वतरंगांची चाहूल घ्यावयाची आहे. उजेड पाहून विजेची खूण देणारा असा कृत्रिम डोळा केवळ वेधशाळेंतच असतो असें मात्र नाहीं. त्याचा एक साधासुधा आप्त घरच्या घड्याळांतहि बसवितां येतो.

घरीं जुळविलेलें एल. ई. डी. घड्याळ दिवसां शोभतें. परंतु ज्या तेजावर त्याचे आंकडे दुपारीं सुखानें वाचतां येतात, तेंच तेज मध्यरात्रीं डोळ्यांस खुपतें. रात्रींचा उजेड, विशेषतः निळसर उजेड, झोपेस साहाय्य करणाऱ्या मेलाटोनिन द्रव्याची शरीरांतील निर्मिति मंदावतो. ज्या खोलींत तान्हें मूल किंवा आजारी माणूस निजतें, तेथें हा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे.

यावर उपाय एल. डी. आर. या लहानशा भागाचा. उजेड वाढला कीं त्याचा विद्युद्‌रोध घटतो, अंधारांत तो वाढतो. सेलेनियमचा असाच गुण विलोबी स्मिथ यानें १८७३ मध्यें प्रसिद्ध केला होता. हा भाग १०,००० ओहमच्या रोधकास एकापुढें एक जोडावा, आणि दोहोंच्या सांध्यावरील विद्युद्दाब घड्याळाच्या मायक्रोकंट्रोलरला मोजावयास द्यावा. मग तो दिव्यांची उघडझांप डोळ्यांस कळणार नाहीं इतक्या वेगानें करितो. विझण्याचा वेळ वाढविला कीं आंकडे मंद दिसतात.

जोडणी सोपी, खरें अवधान पुढेंच आहे. संवेदकावर घड्याळाचा स्वतःचा उजेड पडूं देऊं नये. पडल्यास घड्याळ त्यालाच खोलीचा उजेड समजतें, आणि खोलींतील दिवा मालविला तरी तेजानें जळत राहतें. याकरितां संवेदक काळ्या नळींत, आंकड्यांच्या मागें बसवावा. वाट चुकलेल्या प्रकाशाचा उपद्रव लिगोसारख्या वेधशाळांनाहि होतो, व तेथेंहि आडोसे योजावे लागतात. दुसरें असें कीं, समोरून कोणी गेला म्हणजे आंकडे फडफडूं नयेत. कांहीं सेकंदांच्या मापनांची सरासरी घेऊन बदल सावकाश करावा. तिसरें, आपला डोळा उजेडाचें प्रमाण ओळखतो. एका दिव्याचे दोन झाले तर तें लगेच जाणवतें, पन्नासांचे एकावन्न झाले तर जाणवत नाहीं. म्हणून तेजाच्या पायऱ्या अंधाराकडे बारीक आणि उजेडाकडे मोठ्या ठेवाव्या.

सर्वांत खालची पायरी मात्र दिवा मालवितांच ठरवूं नये. डोळा अंधारास सरावण्यास सुमारें अर्धा तास लागतो. तितका वेळ अंथरुणावर पडून राहावें, आणि मग जेवढ्या तेजानें वेळ वाचतां येईल, पण छतावर उजेड पडणार नाहीं, तेवढेंच ठेवावें. त्या घरांतील निजलेल्या माणसांस घड्याळाची आठवण केवळ जाग आली तरच व्हावी.