परसातल्या वांग्याची कीड



परसातली दहा-बारा वांग्याची झाडे बहुधा घरच्या बाईच्याच देखरेखीखाली असतात. न्हाणीचे सांडपाणी मिळते, झाडे जोमाने वाढतात, आणि एके दिवशी कोवळे शेंडे माना टाकतात. पाणी कमी पडले असे समजून आपण आणखी एक बादली ओततो. तसे न करता तो शेंडा मोडा आणि उभा चिरून बघा. आत फिकट गुलाबी अळी सापडेल. हीच ती शेंडा व फळ पोखरणारी अळी.

अशा वेळी घरातले कोणीतरी कपाशीच्या औषधाची उरलेली बाटली काढते आणि अंदाजाने टोपणभर औषध बादलीत टाकून झाडांवर शिंपडते. हे कृपा करून करू नका. औषध आंतरप्रवाही असेल तर ते झाडाच्या रसात उतरते, वांगे कितीही धुतले तरी निघत नाही. शिवाय परसातले वांगे आपण सकाळी तोडतो आणि दुपारी त्याचे कालवण पोरांच्या ताटात पडते. फवारणीनंतर तोडणीसाठी थांबायचे दिवस परसात कोण मोजतो? मोनोक्रोटोफॉस तर भाजीपाल्यावर वापरायला 2005 सालापासूनच बंदी आहे.

मग करायचे काय? या किडीचा पतंग पानांवर, शेंड्यांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते आणि आपल्या विष्ठेने भोक बुजवते. एकदा आत गेली की वरचा फवारा तिला लागत नाही. म्हणून दर आठवड्याला झाडे बघा. मलूल शेंडा दिसला की बोटभर खालून खुडा, किडके वांगे तोडा, आणि दोन्ही साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा. उकिरड्यावर फेकले तर अळी तिथेच वाढते, कोषात जाते आणि पतंग होऊन परत येते. झाडाखालचा पालापाचोळाही झाडून घ्या, त्यात कोष असतात. शेजारच्या परसात वांगी असतील तर त्या बाईंनाही सांगा. एकट्या आपल्या खुडण्याने अर्धेच काम होते.

जोडीला निंबोळी अर्क घ्या. पाव किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्री थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, एकूण पाणी पाच लिटर करा आणि दहा ग्रॅम साबणाचा चुरा मिसळा. अर्क त्याच दिवशी वापरावा. मात्र फवारणी संध्याकाळी करा, कारण उन्हाने त्याचा गुण लवकर जातो. किडे पटापट मरून पडतील अशी अपेक्षा धरू नका. या अर्काने किडीचे खाणे तुटते आणि कात टाकणे बिघडते. दहा दिवसांनी पुन्हा फवारा.

चवळी-भेंडीवर मावा आला असेल तर सुरुवातीला नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही बराच धुऊन निघतो. राख टाकणाऱ्यांनी ती थोडी आणि पहाटेच्या दवावर टाकावी, पाने माखून टाकू नयेत. मुंग्यांची रांग दिसली तर समजा, वर मावा आहे. त्याच्या गोड चिकट्यासाठी त्या येतात.

त्या माव्यात काळ्या अंगाची, नारिंगी ठिपक्यांची, लांबट, खरबरीत अळी फिरताना दिसते. पुष्कळजण तिला कीड समजून चिरडतात. ती ढालकिड्याची अळी, माव्यावरच जगणारी. तिला राहू द्या. ती दिसली की आठवडाभर कसलीही फवारणी नको.

निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला झाडाखाली पडतात. गर काढून त्या सावलीत वाळवा आणि हवा खेळेल अशा पोत्यात ठेवा. बंद डब्यात बुरशी येते. आणि वांग्याची झाडे म्हातारी झाली, फळे बारीक व किडकी यायला लागली, की मोह न धरता उपटून जाळा. त्या जागी लगेच वांगी-टोमॅटो न लावता मेथी किंवा पालक टाका.