गणपती पेठेतले दुकान



आपल्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही शाळेच्या गोष्टी नेहमीच सांगता. आज दुसरे काहीतरी सांगा." म्हणून आज दुकानाचे सांगतो. मास्तर होण्याआधी आम्ही दोन वर्षे किराणा दुकानात नोकर होतो. त्या दिवसांची आठवण आली की अजून बरे वाटते.

१९७४ साली आम्ही मॅट्रिक झालो. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे. पुढे शिकायला घरी पैसा नव्हता. वडील म्हणाले, "सांगलीला जा. गणपती पेठेत कुणीतरी ठेवून घेईल." एका शेटजींनी ठेवून घेतले. त्यांचे नाव सांगत नाही. आपले नाव चारचौघांत घेतलेले त्यांना आवडत नसे.

दुकान जुने होते. पुढे फळी, फळीवर तागडी, मागे पत्र्याचे डबे. तांदूळ, डाळी, गूळ हे तर होतेच. पण दुकानाचे नाव होते ते बारीक मालासाठी. वेलदोडे, लवंग, जायफळ, केशर, बदाम, हिंग. लग्नाची यादी घेऊन लोक लांबलांबून येत. यादी हातभर लांब असायची, आणि ती वाचायची आम्ही. मॅट्रिक म्हणून तेवढा मान होता!

सकाळी पहिले काम झाडलोट. दुसरे उदबत्ती. तिसरे पासंग बघणे. रिकामी तागडी उचलायची. काटा मध्ये थांबला तरच विक्री सुरू. एखादे पारडे झुकले तर शेटजी स्वतः दुरुस्त करत. तोवर गिऱ्हाईक उभे राहिले तरी चालेल, म्हणत.

पुडी बांधायला शिकण्यात आमचे पंधरा दिवस गेले. वर रीळ टांगलेले असे. त्याचा दोरा ओढायचा, दोन वेढे द्यायचे आणि बोटाला हिसका देऊन तोडायचा. आमचे बोट कापायचे, दोरा तुटायचा नाही. दिवाणजी हसायचे. म्हणायचे, "मॅट्रिकमध्ये हे शिकवलं नाही वाटतं?"

वजने तेव्हा किलोची होती. १९५८ पासून किलो-ग्रॅम आले. पण म्हाताऱ्या बायका छटाकच मागत. छटाक म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम. शेटजींनी सांगून ठेवले होते, "पन्नास ग्रॅम दे, पन्नासचेच पैसे घे, आणि तसं तोंडानं सांग. छटाक म्हणून पन्नास देऊ नको."

मालाची पारख त्यांनीच शिकवली. सांगलीची हळद नामांकित. २०१८ साली तिला सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले. शेटजी म्हणत, "हळकुंड मोडताना कान दे." चांगले वाळलेले हळकुंड खणकन आवाज करून मोडते. आत पिवळे-नारिंगी दिसते. मिऱ्यांत पपईचे बी मिसळलेले असे. मूठभर मिरे पाण्यात टाकायचे. भरीव मिरा तळाशी जातो, पपईचे बी वर तरंगते. हिंग इराण-अफगाणिस्तानातून येई. (हिंगाची रोपे आपल्या देशात, हिमाचलात, लावली गेली ती २०२० साली. शेटजी असते तर त्यांनी नक्की वास घेऊन पाहिला असता.)

एकदा ते आम्हाला हरिपूरला पेव दाखवायला घेऊन गेले. पेव म्हणजे जमिनीतले कोठार. तोंड अरुंद, पोट मोठे. त्यात हळद ठेवली की पुष्कळ काळ टिके. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही. आतली हवा वाईट असते, माणूस गुदमरून मरतो. आधी कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर थांबायचे. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरले. हळदीचे मोठे नुकसान झाले. ते ऐकून आम्हाला फार वाईट वाटले.

आता जी गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही, ती सांगतो.

हळदीच्या गोदामात निवडणीला जाणारी एक मावशी आमच्याकडे महिन्याच्या उधारीवर माल नेई. लिहायला आम्ही. एका महिनाअखेरीला दिवाणजींनी हिशेब वाचला. मावशी म्हणाली, "त्याल चार बारी नेलं. पाच न्हाई."

दिवाणजी म्हणाले, "चोपडीत पाच आहे."

"चोपडीत असंल. म्या चारच नेलं."

अर्ध्या किलोचा प्रश्न होता. पण तिची एका दिवसाची मजुरी त्यात जाणार होती. आम्ही मान खाली घालून पुड्या बांधत होतो. कारण आम्हाला आठवले होते. बाजाराच्या दिवशी गर्दीत शेजारच्या पानावरच्या गिऱ्हाइकाचे तेल आम्ही मावशीच्या पानावर लिहिले होते. पण तोंडातून शब्द फुटेना. नोकरी गेली तर घरी काय सांगायचे?

मावशी म्हणाली, "माझा हिशोब भिंतीवर हाय. बघाया चला."

दिवाणजी हसले. शेटजी हसले नाहीत. रात्री दुकान वाढवल्यावर त्यांनी आम्हाला सोबत घेतले आणि तिच्या घरी गेले. चुलीशेजारी भिंतीवर कोळशाच्या खुणा होत्या. तेलाला उभी रेघ, साखरेला गोल, चहाला फुली. शेटजींनी कंदील वर धरला आणि एकेक खूण मोजली. साखर जुळली. चहा जुळला. उभ्या रेघा चार.

तिथे आम्हाला राहवले नाही. म्हणालो, "शेटजी, चूक माझी आहे. मला दुपारीच कळलं होतं."

ते काही बोलले नाहीत. पेठेपर्यंत आम्ही मागून चाललो. दुकानाच्या दाराशी म्हणाले, "दुपारी का बोलला नाहीस, ते उद्या सांग." दुसऱ्या दिवशी सांगितले, खरे तेच. त्यांनी ऐकून घेतले आणि चोपडी पुढे सरकवली. आम्ही नोंद खोडायला गेलो, तर हात धरला. "चोपडीत खाडाखोड नाही. खाली तिच्या नावे जमा कर. आणि लिही, चूक दुकानाची."

मावशीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "ते ठीक हाय. पर माझ्या पानावर काय लिवलंय, ते मला वाचता याया पायजे."

शेटजींनी आमच्याकडे पाहिले. झाले! गोदामाला सुट्टी असेल त्या दिवशी दुपारी ती फळीशी येऊन बसे. पाटी नव्हती. पुडीच्या कागदावर आम्ही आकडे काढायचो, ती गिरवायची. आकडे लवकर आले. शब्द तिने स्वतःच ठरवले होते. तेल, मीठ, चहा, डाळ, साखर. 'तेल' सोपे गेले. 'साखर' काही येईना. 'ख' मध्ये तिला 'र' आणि 'व' दिसे. ती मोठ्याने वाची, "सारवर!" सगळे दुकान हसे, आणि तीही हसे. पुढे कितीतरी वर्षे वर्गात पोरे 'सारवर' वाचत, तेव्हा आम्हाला मावशी दिसायची.

चार-पाच महिन्यांनी महिनाअखेर आली. दिवाणजी हिशेब वाचायला लागले. मावशी म्हणाली, "थांबा. मीच बगते." चोपडी तिच्याकडे फिरवली. ती एकेका ओळीवर बोट ठेवीत खाली आली आणि थांबली.

"चहा दोन लिवलाय. म्या तीन पुड्या नेल्या."

आम्ही तिसरी पुडी लिहिली. तिने ती ओळ पुन्हा वाचली, पदराची गाठ सोडली आणि पैसे मोजले.