मूठभर मतांचा हिशेब

(मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)



मी बँकेतला कारकून. राजकारणावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, आकडेमोडीचा थोडाफार आहे.

"बालाघाटात मराठी घरे ती किती! आपल्या मतांनी काय होते?" हे वाक्य आपल्यात नेहमी ऐकू येते. २०२४ची लोकसभा पाहिली तर ते पटतेही. आठ विधानसभा क्षेत्रे, अठरा लाखांवर मतदार, आणि भारती पारधी पावणेदोन लाखांच्या आसपास मताधिक्याने निवडून आल्या. त्या ढिगात आपण दिसणारही नाही.

पण याच मतदारसंघातला पाच महिने आधीचा हिशेब पाहा. नोव्हेंबर २०२३च्या विधानसभेत बैहरला संजय उइके ५५१ मतांनी जिंकले, वारासिवनीला विवेक पटेल १,००३ मतांनी. बैहरला २७६ मतदारांनी मन बदलले असते तर निकाल फिरला असता. आपल्या गणेशोत्सवाच्या जेवणाला याहून जास्त पाने उठतात!

प्रशांत महासागरात नाउरू नावाचे बेट आहे. वस्ती साधारण बारा हजार, संसदेत १९ सदस्य, मतदान सक्तीचे. तिथे मतदार उमेदवारांना क्रम देतो. पहिल्या पसंतीला एक गुण, दुसरीला अर्धा, तिसरीला एक तृतीयांश. लहान गटाची दुसरी पसंतीसुद्धा जमेस धरली जाते. आपल्याकडे एकच बटण, म्हणून यादीत नाव असणे अधिकच महत्त्वाचे.

आणि आपली गळती तिथेच आहे. मुले नागपूरला नोकरीत, नावे इथे. १९ एप्रिल २०२४ला नागपूर, गोंदिया आणि बालाघाट, तिन्हीकडे एकाच दिवशी मतदान झाले. मुलगा ना इथला, ना तिथला. उलट भंडारा-नागपूरहून आलेल्या सुनांची नावे वर्षानुवर्षे माहेरच्या यादीत. कायद्याने नाव एकाच ठिकाणी, आणि जिथे खरोखर राहतो तिथेच हवे. तेव्हा मुलांची नावे तिकडे जाऊ द्या. इथला आकडा घटेल, घटू द्या. सुनांची मात्र इकडे आणा. त्यासाठी फॉर्म ८, अठरा पूर्ण झालेल्या नातवंडांसाठी फॉर्म ६.

लांजी, परसवाडा, बैहरकडच्या नातलगांना आणखी एक सांगा. २०२४ला तिथे मतदान चार वाजताच संपले होते. जेवून, वामकुक्षी करून निघणाऱ्यांचे मत घरीच राहिले.

येत्या रविवारी सकाळी मी मंडळाच्या खोलीत यादी घेऊन बसतो. येताना घरातल्या सगळ्यांची मतदार ओळखपत्रे आणावीत, सुनांची आधी.